सांडलेले मटार

बाजारात मटार आले की मला आधी ऐकू येतात ती कुत्र्याची नखं. फरशीवर घाईघाईने वाजणारी, वळणावर जरा घसरणारी. हातगाडीवाल्याची हाळी, तराजूत पडणाऱ्या शेंगांची सळसळ, हे सगळं नंतर.

खरं म्हणजे आता ती नखं तशी वाजत नाहीत. पिंट्या म्हातारा झालाय. तोंडाभोवतीचे तपकिरी केस पांढरे पडलेत, कान जवळजवळ गेलेत. परवा मी मटारची पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा तो गॅलरीतल्या उन्हात झोपला होता. आधी नाक हललं. मग डोळे न उघडताच शेपूट जमिनीवर आपटली, पुन्हा एकदा आपटली, आणि तो तसाच झोपून राहिला. म्हातारपणी आनंद एवढ्यात आटोपतो. मी पिशवी उचलून आत नेली, कुकर लावायचा होता.

आमच्या डोंबिवलीच्या थंडीला थंडी म्हणायला जरा धाडसच लागतं. सकाळी एमआयडीसीच्या बाजूने येणारा धुरकट, आंबूस वास, स्वेटरला चिकटलेला डांबरगोळ्यांचा वास, आणि दुपारी गॅलरीतून आत सरकत येणारं मऊ ऊन, एवढाच तिचा पसारा. त्या उन्हात काही क्षण बसलं तरी डोळे जड होतात आणि वर्षं एकमेकांत मिसळतात. मी अशी बसत नाही, वेळ नसतो. पण मटार सोलायचे असले की बसावंच लागतं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीत आई येऊन बसते. आई आहे, व्यवस्थित आहे, टिटवाळ्याला तिच्या घरी आहे. उन्हात दिसते ती त्या एका थंडीतली आई, मांडीवर उजवा हात ठेवलेली. दुसऱ्या कुणाचा तरी हात सांभाळायला दिलाय, अशी त्याच्याकडे बघणारी.

आधी पिंट्याबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पिंट्या गावठी. माझ्या मुलीने शाळेत असताना एका पावसाळ्यात दप्तरातून आणला आणि ती नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर आमच्याकडे राहिला. एक कान उभा, एक दुमडलेला. माझं नौपाड्यात फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दिवसभर आखडलेल्या पाठी आणि न वाकणारे गुडघे बघते, त्यामुळे कुत्र्याकडेही माझी नजर तशीच जाते. लोक म्हणतात कुत्रा शेपूट हलवतो. नीट बघा, खाऊ दिसला की कंबरेपासून मागचं अख्खं कुत्रं हलतं. पाठीचा कणा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे इतका वाकतो की माझ्या पेशंटमधलं कुणी त्याच्या निम्मं वाकलं तर मी क्लिनिकमध्ये पेढे वाटीन. पुढचे पाय जागच्या जागी आळीपाळीने पडतात, तापलेल्या वाळूवर उभं राहिल्यासारखे. मग पुढचं धड खाली, मागचं वर. मग एक शिंक. हो, आनंदाची शिंक असते कुत्र्यांना, पिंट्याला तर लागोपाठ येते. मग स्वतःभोवती गिरकी, मग दिवाणाभोवती एक चक्कर, परत येऊन समोर बसणं, आणि ते बसणंसुद्धा पूर्ण नाही. बूड जमिनीपासून बोटभर वर, थरथरत. डब्याचं झाकण अजून उघडलेलंही नसतं.

खाऊ एका घासात संपतो. चावायचीही तसदी घेत नाही. सगळा सोहळा आधीचा.

आमच्या घरात हे असलं काही कधी नव्हतं. लहानपणी बाबा संध्याकाळी कंदी पेढे घेऊन आले तर आई म्हणायची, "कशाला उगीच?" मी पहिल्या पगारातून तिला साडी नेली तेव्हा तिने घडीचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "कशाला उगीच? आहेत की." बाबाही तसेच. माझा बोर्डाचा निकाल पाहून ते "बरं आहे" म्हणाले आणि पंखा एक नंबरने वाढवला. तो वाढवलेला पंखा हेच बक्षीस, हे आम्हाला कळायचं. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत हीच भाषा. आनंद झाला की आधी त्याच्यावर झाकण ठेवायचं, मग तो कुणाला दिसणार नाही अशा जागी नेऊन ठेवायचा. मलाही हेच जमतं. माझी मुलगी फोनवर "आई, मला प्रमोशन मिळालं" म्हणून किंचाळली तेव्हा मी विचारलं, "जेवलीस का?"

त्या थंडीच्या तोंडावर आईला अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता. बोलणं शाबूत राहिलं, पाय थोड्या दिवसांत सावरला, उजवा हात मात्र गेला. बाबा गेल्यापासून ती टिटवाळ्याला एकटी राहायची. हॉस्पिटलमधून मी तिला सरळ डोंबिवलीला आणलं. दारात पिंट्या उभा होता, अर्धा हलत.

"हा प्राणी घरातच असतो?" आईने विचारलं.

"असतो."

"स्वयंपाकघरातसुद्धा?"

"आई, बस आधी."

ती बसली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने जाहीर केलं, "माझ्या दाराचं कुलूप मला या हाताने उघडता आलं की मी जाणार. जावयाच्या घरी लोळत राहायची नाही मी." माझा नवरा मिलिंद म्हणाला, "अहो आई, घर तुमचंच आहे." त्यावर तिने फक्त, "ते आहेच," असं म्हटलं. म्हणजे विषय संपला. ते कुलूप मला माहीत होतं. जुनं, जड, किल्ली घालून कोपरापासून पिळावं लागणारं. तेव्हा तिला साधा चमचा धरता येत नव्हता.

आणि धरला तर सोडता येत नव्हता. ही गोष्ट लोकांना माहीत नसते. अर्धांगात लुळा पडलेला हात परत येऊ लागला की आधी मूठ वळते. धरणं लवकर येतं. उघडणं, सोडणं मागाहून येतं, आणि कित्येकांना येतच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईने जिद्दीने कप धरला, चहा प्यायली, आणि मग कप खाली ठेवता येईना. बोटं उघडेनात. ती कपाकडे बघत राहिली. मी एकेक बोट सोडवलं. कप धुवायला नेल्यावर मी नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला.

क्लिनिकमध्ये अशा हातांसाठी माझ्याकडे चेंडू आहेत, खुंट्या आहेत, रंगीत चिकणमाती आहे. आईने चिकणमातीकडे पाहून विचारलं, "हे पोरखेळ करू मी आता?" मार्गशीर्ष लागला होता, मटार आले होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर स्टुलावर परात ठेवली आणि शेंगांचा ढीग ओतला. "खेळ नको ना? मग काम कर."

मटारची शेंग ही हाताच्या व्यायामासाठीच जन्माला आली असावी. चिमटीत धरायची, देठाशी दाबायची, टच् असा आवाज होतो, मग अंगठा आतून फिरवायचा. आई डाव्या हाताने शेंग धरायची आणि उजव्याने झगडायची. दाणे परातीत कमी आणि खाली जास्त जायचे. हिरवे दाणे फरशीभर पळायचे, सोफ्याखाली, दारामागे.

पिंट्याला पहिल्या दिवशी वाटलं की काहीतरी चूक झाली असावी. आजवरच्या आयुष्यात त्याला खाऊ मिळायचा तो "बस", "हात दे", "थांब" असल्या परीक्षा देऊन. इथे आकाशातून मटार पडत होते. एक दाणा त्याच्या नाकासमोर येऊन थांबला. त्याने तो हुंगला, खाल्ला, आणि वर आईकडे पाहिलं. मग दुसरा पडला. मग त्याचं सगळं सुरू झालं, पाय आपटणं, शिंक, गिरकी, दिवाणाभोवती चक्कर.

"याला काय झालं?" आई ओरडली. "फिट आली की काय?"

"त्याला आनंद झालाय."

"एवढा? मटारचा?"

"त्याला आवडतात."

आईने खाली बघितलं. ज्या हाताकडे बघून डॉक्टर तोंड गंभीर करायचे आणि मी नको इतकं हसायचे, त्याच हाताकडे तो प्राणी डोळे विस्फारून बघत होता, दुमडलेला कानही उभा करून. प्रत्येक दाणा निसटला की आईचा चेहरा उतरायचा, आणि त्याच दाण्यासाठी खाली उत्सव व्हायचा. काही दिवसांनी ती दाणा पडल्यावर "अरे देवा" म्हणायची बंद झाली. "घे मेल्या," म्हणू लागली.

मी तेव्हा फक्त सकाळचे पेशंट घ्यायचे आणि दुपारी घरी असायचे. पण आईसमोर उभी राहत नसे. कुणी बघत असलं की अशा हाताला कंप सुटतो. मी स्वयंपाकघरात राहून ऐकायचे. दाणा परातीत पडला की बारीक टण्. जमिनीवर पडला की काहीच नाही, पण लगेच नखांची धावपळ. ओट्याशी भाजी चिरता चिरता मला आईच्या हाताची प्रकृती कळायची. टण्, टण्, नखं. नखं, नखं, टण्. दुपारभर तेवढेच आवाज, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि गॅलरीतून पुढे सरकणारं ऊन. आजही तशा दुपारी पोळ्या लाटताना माझा हात मध्येच थांबतो. कशासाठी थांबला ते मला कळतं, आणि मी पुन्हा लाटायला लागते.

पौषात टण् वाढला आणि नखं कमी झाली. आईच्या चिमटीत जोर आला. वेणीचा पेड तिला उजव्या हाताने ओढता यायला लागला. मिलिंदने कपाटाला लावायचं एक कुलूप तिला सरावाला आणून दिलं. ती म्हणाली, "कशाला उगीच?" आणि रात्री उशीखाली घेऊन झोपली.

पिंट्याची मात्र पंचाईत झाली. तो स्टुलाखाली बसून राहायचा, वर बघायचा, पुढचा एक पाय उचलून ठेवायचा. एखाद्या दुपारी एकही दाणा पडत नसे. तो सोफ्याखालचे जुने कोपरे हुंगून यायचा आणि मोठा उसासा टाकून आडवा व्हायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बेबीताई आल्या. त्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या, मूळच्या इथल्याच आगरी. आमची सोसायटी उभी आहे ती एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं. येताना तिळगुळाबरोबर कागदात काहीतरी गुंडाळून आणलेलं.

"आई, हात कसा हाय आता?" त्यांनी खुर्ची ओढत विचारलं. मग त्यांची नजर स्टुलाखाली गेली. "आणि याला काय निस्ता पाला घालता? यो काय बकरा हाय?"

"आमचा शाकाहारी आहे," आई म्हणाली. मी चमकून पाहिलं. "आमचा" हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा आला होता.

"शाकाहारी कुत्रा!" बेबीताई इतक्या हसल्या की हातातलं वाण पडता पडता राहिलं. "थांबा, इचारून बघते त्याला." आणि त्यांनी कागद सोडला. सुका बोंबील.

मी पिंट्याचे आनंद पाहिले होते, पण त्या दिवशी पाहिला तसा नाही. आधी तो गोठला. मग नुसता खालचा जबडा थरथरायला लागला, दातांवर दात बारीक वाजू लागले. तोंडाच्या कडेने लाळेची तार लोंबली. मग घशातून एक लांब, चढत जाणारा सूर आला, आणि बोंबील मिळाल्यावर तो तोंडात धरून घरभर धावला, पुन्हा पुन्हा, शेपूट कमानीसारखी करून. बेबीताई टाळ्या वाजवत होत्या. आईने पदर नाकाला लावला होता आणि पदरावरून तिचे डोळे त्या प्राण्याच्या मागे फिरत होते.

"बघितलंत?" बेबीताई म्हणाल्या. "कुत्रा खोटा बोलत नाय."

त्यानंतर पिंट्याने आपली जागा बदलली. दुपारी तो स्टुलाखाली न बसता मुख्य दाराशी जाऊन बसू लागला. लिफ्टचं दार वाजलं की ताठ व्हायचा. बेबीताई रोज थोड्याच येणार होत्या, पण आशा सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात आईच्या हातून मटार पुन्हा पडायला लागले.

मला ते ओट्याशीच कळलं. टण्, टण्, मग काही नाही, आणि दाराकडून धावत आलेली नखं. मग पुन्हा. दुसऱ्या दिवशी अधिक. माझ्या हातातली सुरी थांबली. अशा आजारात एक झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती असतेच, आणि बारीक बारीक झटके गाजावाजा न करताही येतात. मी बाहेर जाऊन आईचा हात तपासला. मूठ आवळ, उघड, अंगठा करंगळीला लाव. सगळं नीट. "दमतेस का गं?" "नाही." "मुंग्या येतात? बधिर वाटतं?" "नाही म्हटलं ना." मी स्वयंपाकघरात परत गेले की पुन्हा नखं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, धोका नको, मेंदूचा स्कॅन करून घेऊ. सोमवार ठरला. मी आईला सांगताना फार सहज बोलले, इतकं सहज की खोटं वाटावं. "बोगद्यासारखं मशीन असतं, नुसतं पडून राहायचं. आवाज होतो जरा."

मला वाटलं होतं ती म्हणेल, कशाला उगीच. ती म्हणाली, "बरं." आणि परातीकडे बघत राहिली. त्या "बरं"मुळे मी रात्री नीट झोपले नाही. हात गेला तर कुलूप गेलं, आणि कुलूप गेलं तर ही बाई जन्मभर माझ्या सोफ्यावर पाहुण्यासारखी टेकून बसणार.

रविवारी दुपारी मी ठरवून बघितलं. बैठकीतल्या शोकेसच्या काचेत, स्वयंपाकघराच्या दाराआडून, पाठमोरी बसलेली आई समोरून पूर्ण दिसते. ऊन तिच्या खांद्यावर होतं. पांढरे केस, हिरवी परात, टरफलांचा ढीग. तिने शेंग घेतली, उजव्या हाताने दाबली, टच्, अंगठा फिरवला. दाणे परातीत गेले, सगळेच्या सगळे. मग तिने परातीतून एक दाणा उचलला. अंगठा आणि तर्जनी. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. हात स्टुलाच्या कडेबाहेर नेला. दाराशी पिंट्याचा दुमडलेला कान उभा राहिला. आई थांबली. त्याला उठू दिलं, वळू दिलं, शिंकू दिलं, अर्ध्या वाटेत पोचू दिलं. आणि तो नेमका खाली आल्यावर तिने बोटं उघडली.

मी काचेत बघत होते. माझ्या सगळ्या चेंडूंनी आणि खुंट्यांनी वर्षानुवर्षं जे मागितलं होतं, ते तिथे घडत होतं. हवं तेव्हा धरणं, हवं तितकं थांबणं, हव्या त्या क्षणी सोडणं. तिने दुसरा दाणा उचलला. "त्या बोंबलात काय आहे एवढं?" ती त्याला दबक्या आवाजात विचारत होती. "घे. ए प्राण्या. घे."

कुत्र्याचे लाड करते हे कबूल करण्यापेक्षा ती बोगद्यात जाऊन पडायला तयार होती. मला हसू आलं आणि डोळ्यांसमोर ओटा जरा धूसर झाला. कांदा चिरला नव्हता, पण चिरायचा होताच. चिरला.

मग मी स्कॅनची वेळ रद्द केली आणि बाहेर येऊन म्हटलं, "आई, उद्याचं मशीन बंद पडलंय म्हणे. डॉक्टर म्हणाले, घाई नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. "कशाला उगीच."

फाल्गुनात मटार संपत आले, शेंगा जून झाल्या, दाणे पिठूळ लागायला लागले. एका सकाळी आम्ही तिला टिटवाळ्याला घेऊन गेलो, पिंट्यासकट. दारापाशी मी किल्ली पुढे केली. तिने ती उजव्या हाताने घेतली, घातली, कोपरापासून पिळली. कुलूप उघडलं. पिंट्या सगळ्यांच्या आधी आत घुसला आणि रिकाम्या घरात भूत लागल्यासारखा धावला. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "धूळ किती बसलीय."

तेव्हापासून दर थंडीत मटार मी टिटवाळ्याला नेते. आई म्हणते, इथे चांगले मिळत नाहीत, हे खोटं आहे. मी पिशवी आणि पिंट्या दोन्ही नेते. गेल्या रविवारीही नेले. आता लिफ्ट नसती तर त्याला तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं असतं. आई गॅलरीत उन्हात बसली, परात मांडीवर. टरफलं भराभर पडत होती, बोटं माझ्यापेक्षा चपळ. पिंट्या तिच्या पायाशी झोपलेला.

एक दाणा खाली पडला. त्याला ऐकू आलं नाही. आईने वाकून फरशीवर बोटाने हळूच ठोकलं. त्याचं नाक हललं, मग मान वर आली. पाय आता जागच्या जागी आपटत नाहीत, गिरकी नाही. पण कंबरेपासून मागचं अख्खं कुत्रं हललं, सावकाश, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग एक शिंक.

"पडला गं एक," मी म्हटलं.

आईने परातीतून दुसरा दाणा चिमटीत उचलला, उन्हात धरला, आणि त्याचं तोंड नीट खाली येईपर्यंत थांबली.

"हो ना," ती म्हणाली. "हात काही अजून तितकासा बरा नाही."

"मग व्यायाम चालू ठेव," मी म्हटलं, आणि तिच्या परातीत आणखी शेंगा ओतल्या.